डीएमएसओ घातला होता, तरी पेशी मेल्या: गोठवण्याचा क्रम कुठे चुकतो

जून उजाडला की खानापूर, निपाणी, चिकोडीकडची एमएस्सीची मुलं द्रव नायट्रोजनच्या टाकीतून गोठवून ठेवलेल्या पेशींची आपापली व्हायल (छोटी कुपी) काढतात आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून येतात. "सर, सगळ्या पेशी तरंगायला लागल्यात." म्हणजे मेल्या. काय घातलं होतं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दहा टक्के डीएमएसओ." डीएमएसओ म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड, गोठताना पेशीला बर्फापासून वाचवणारं रसायन. तो घातलेला असतोच. पण तो थंड होता की कोमट? एकदम ओतला की थेंबाथेंबाने? आणि घातल्यावर कोणी चहा प्यायला खाली गेलं होतं का? त्याबद्दल वहीत एक अक्षर नसतं.

एवढं डोक्यात पक्कं ठेवा: पेशीला बर्फापासून वाचवणारं रसायन कोमट असताना पेशीला विषारी असतं. खालच्या सगळ्या पायऱ्यांचा खटाटोप त्यासाठीच आहे. रसायन शेवटी घालायचं, थंड करून घालायचं, घातलं की थांबायचं नाही, आणि बाहेर काढतानाही हळूच काढायचं.

## १. आधी रसायन ठरवा

पाणी गोठतं तेव्हा बर्फ निव्वळ पाण्याचा होतो. क्षार मागे राहतात आणि उरलेलं पाणी खारट, आणखी खारट होत जातं. फार हळू थंड केलं तर पेशी त्या खारात सुकते, घाईने केलं तर पेशीच्या आतच बर्फाचे खडे होतात. रक्षक रसायन यात मधे पडतं. आपल्याकडची काकवी घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून बघा, दगड होत नाही, नुसती दाटते. तसंच काहीसं पेशीच्या आत घडवून आणायचं असतं.

पेशीत शिरणारी रसायनं म्हणजे डीएमएसओ, ग्लिसरॉल, इथिलीन ग्लायकॉल, प्रोपिलीन ग्लायकॉल. सुक्रोज आणि ट्रेहॅलोज आत शिरत नाहीत, बाहेर राहून पेशीतलं पाणी ओढून घेतात. त्यांना जोडीदार समजा. सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी एकट्या साखरेवर विसंबू नका.

प्राण्यांच्या बहुतेक सेल लाइनना (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींना) दहा टक्के डीएमएसओ चालतो. एचएल-६० सारख्या काही पेशी मात्र डीएमएसओच्या संपर्काने आपलं रूप बदलायला लागतात, त्यांना ग्लिसरॉल बरं. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नायट्रोजनच्या टाक्यातून धूर येताना पाहिलाय ना? त्यातल्या वळूच्या रेताच्या कांड्यांतही ग्लिसरॉलच असतं, सोबत बहुधा अंड्यातला बलक.

जिवाणूंचं काम सर्वांत सोपं. उसाच्या शेतातल्या मातीतून वेगळे केलेले जिवाणू ठेवायचे असतील तर रात्रभर वाढवलेलं कल्चर ५०० मायक्रोलिटर आणि ऑटोक्लेव्ह केलेलं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेलं) ५० टक्के ग्लिसरॉल ५०० मायक्रोलिटर घ्या, व्हायल पाचसात वेळा उलटीसुलटी करा आणि थेट उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये टाका. हळूहळू थंड करण्याची भानगड नाही. चूक एकच होते, ती म्हणजे नीट न मिसळणं. ग्लिसरॉल जड, तळाशी बसतं, आणि वरचे जिवाणू उघडे पडतात. पुढे लागतील तेव्हा व्हायल वितळू द्यायची नाही, वरून लूपने किंचित खरवडून घ्यायचं.

सावध: इथिलीन ग्लायकॉल गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात. "मग सर, तोच कूलंट आणू का?" हा प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय. नाही. त्यात रंग असतो, गंजरोधक असतं. शिवाय इथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं तर माणसालाही घातक आहे.

यापुढचं सगळं सेल लाइनबद्दल, कारण चुका तिथेच जास्त होतात.

## २. बाटली तपासा

डीएमएसओ साडेअठरा अंशांना थिजतो. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटे पारा त्याच्या खाली जातो आणि सकाळी टेबलावरची बाटली खोबरेल तेलासारखी पांढरी, घट्ट झालेली दिसते. एका मुलाने ती "खराब झाली" म्हणून टाकून दिली होती. भरलेली, महागाची बाटली. ती खराब झालेली नसते. तळहातात धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा, पूर्ण वितळू द्या, मग वापरा. अर्धवट वितळलेल्यातून घेऊ नका.

पावसाळ्यात वेगळीच अडचण. डीएमएसओ हवेतला ओलावा पितो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलाव्याला तोटा नाही. मोठी बाटली वर्षभर उघडझाक करत वापरली की तिच्यात पाणी शिरत जातं आणि तुमचे दहा टक्के दहा राहत नाहीत. नवी बाटली आली की हूडमध्येच (निर्जंतुक हवेच्या कपाटात) एकेक मिलिलिटरचे भाग करा, घट्ट झाकणं लावा, उजेडापासून दूर ठेवा.

विकत घेताना सेल कल्चरसाठीचा, निर्जंतुक केलेला घ्या. ऑटोक्लेव्ह करू नका. गाळायचाच असेल तर नायलॉन किंवा पीटीएफईचा फिल्टर हवा. सेल्युलोज ॲसिटेटचा फिल्टर डीएमएसओत विरघळतो, आणि विरघळलेला फिल्टर कुठे जातो हे सांगायला नको.

ग्लिसरॉलची तऱ्हा उलटी. ते ऑटोक्लेव्हमध्ये खुशाल टिकतं, पण पिपेटमध्ये नीट मोजता येत नाही. टिपच्या आतल्या बाजूला चिकटून राहतं आणि दरवेळी कमी पडतं. वजनावर घ्या: एक मिलिलिटर म्हणजे सुमारे १.२६ ग्रॅम.

सावध: डीएमएसओ कातडीतून आरपार जातो आणि जाताना हातमोज्यावर जे काही असेल ते सोबत नेतो. नायट्राइलचे मोजे घाला. थेंब पडला तर पुसत बसू नका, मोजाच बदला.

## ३. पेशी सुदृढ असतानाच घ्या

"आता फ्लास्क भरलाय, जागा नाही, गोठवून टाकू." या विचाराने गोठवलेल्या पेशी बहुधा उठत नाहीत. जोमाने वाढणाऱ्या, ७० ते ८० टक्के पसरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी घ्या. आदल्या दिवशी मीडिया (पेशी वाढवण्याचं पोषक द्रावण) बदला. ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) लावून मोजा: जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या वर हव्यात. ८० भरल्या तर त्या दिवशी गोठवू नका. गोठवल्याने पेशी सुधारत नसते.

मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपून राहणाऱ्या बारीक जिवाणूची) चाचणी आधीच करून घ्या. नायट्रोजनमध्ये मायकोप्लाझ्मा मरत नाही, तुमच्या पेशींइतकाच सुखाने राहतो.

पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं विकर) लावलं असेल तर सीरमवाल्या (रक्तातल्या द्रवाच्या) मीडियाने ते थांबवा आणि पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट) पाच मिनिटं फिरवून वरचं पाणी काढून टाका. ट्रिप्सिनसकट गोठवलेल्या पेशी वितळताना पुन्हा त्याच्या तावडीत सापडतात.

## ४. हिशोब कागदावर करा

दहा व्हायल्स, प्रत्येकीत एक मिलिलिटर आणि २० लाख जिवंत पेशी, असं धरू. थोडं सांडतं, थोडं पिपेटला लागतं, म्हणून अकरा मिलिलिटरचा हिशोब करा.

पेशी लागतील २ कोटी २० लाख. त्या ५.५ मिलिलिटर थंड मीडियात मिसळा, म्हणजे मिलिलिटरला ४० लाख झाल्या.

दुप्पट ताकदीचं द्रावण ५.५ मिलिलिटर: त्यात डीएमएसओ १.१ मिलिलिटर आणि सीरम ४.४ मिलिलिटर. म्हणजे २० टक्के.

दोन्ही सारखेच असल्यामुळे एकत्र आले की ताकद निम्मी होते: डीएमएसओ १० टक्के, पेशी २० लाख. हा आकडा कागदावर जुळल्याशिवाय हूडमध्ये बसू नका. सर्वांत जास्त दिसणारी चूक इथलीच: २० टक्क्यांचं द्रावण करून त्यातच पेशी मिसळायच्या आणि निम्मं करायचं विसरायचं.

## ५. दुप्पट द्रावण करा आणि बर्फात ठेवा

डीएमएसओ पाण्यात मिसळला की उष्णता निघते. सीरममध्ये घालून नळी हलवा, हाताला चक्क कोमट लागते. हाच डीएमएसओ थेट पेशींवर सोडला तर जिथे थेंब पडतो तिथे पेशींना चटकाही बसतो आणि तीव्र रसायनही मिळतं. म्हणून निव्वळ डीएमएसओ पेशींच्या नळीत कधीच घालायचा नाही.

आधी खोलीच्या तापमानाला सीरममध्ये डीएमएसओ थेंबाथेंबाने मिसळा. नळी गार होऊ द्या. मग बर्फात निदान पंधरा मिनिटं. उलट क्रम, म्हणजे बर्फगार सीरममध्ये डीएमएसओ, केला तर तो मिसळायच्या आत टिपच्या टोकाशीच थिजू शकतो.

तपासा: द्रावण स्वच्छ, एकजीव दिसतंय? तळाशी तेलासारख्या रेषा हलताना दिसल्या तर अजून मिसळलेलं नाही.

## ६. लेबलं आता, नंतर नाही

रसायन घातल्यावर नावं लिहीत बसणं म्हणजे पेशी विषात भिजत ठेवणं. व्हायलवर पेशीचं नाव, पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा), तारीख, रक्षक कोणता आणि किती, आणि तुमची आद्याक्षरं. साधं स्केचपेन नायट्रोजनमध्ये उडतं. अल्कोहोलने न पुसणारं पेन किंवा थंडीत टिकणारी चिकटपट्टी वापरा.

आणि आकडे इंग्रजीतले (1, 2, 3) लिहा. मराठी शाळेतून आलेल्या आमच्या एका मुलीने पॅसेज "४" असा देवनागरीत लिहिला होता. सुट्टीत कन्नड माध्यमाच्या सहकाऱ्याने तो इंग्रजी आठ वाचला आणि रजिस्टरात आठ चढवला. दोघांचंही चुकलं नव्हतं म्हणायला हरकत नाही, पण पॅसेज आठची म्हणून काढलेली व्हायल चारची निघाली आणि महिन्याभराचे निकाल शंकेत गेले. महिनाही आकड्यात नको, अक्षरांत लिहा. ५/६ म्हणजे मे की जून, यावर भांडण होतंच.

व्हायल्स लेबल लावून बर्फावर उभ्या करा. थंड करण्याच्या डब्यातलं आयसोप्रोपेनॉल तपासा, पाच वेळा वापरलं की बदलायचं. हा डबा मात्र खोलीच्या तापमानाला हवा. कालपासून उणे ८० मध्येच पडलेल्या डब्यात व्हायल्स ठेवल्या तर त्या एकदम गोठतात.

## ७. मिसळणं: दहा मिनिटांचं काम

इथे फोन बाजूला ठेवा.

पेशींची नळी बर्फात. डाव्या हाताने ती हलकी फिरवत राहा, उजव्या हाताने थंड दुप्पट द्रावण थेंबाथेंबाने सोडा. पहिले एकदोन मिलिलिटर अगदी सावकाश, मग थोडा वेग चालेल. दहा टक्के डीएमएसओ म्हणजे सुमारे १.४ मोलर. बाहेर इतकं तीव्र द्रावण एकदम आलं की पेशीतलं पाणी झपाट्याने बाहेर पडतं, पेशी मनुकेसारखी सुरकुतते आणि मग डीएमएसओ आत शिरला की पुन्हा फुगते. थेंबाथेंबाने घातलं तर हा हिसका बसत नाही.

पहिला थेंब पडला की घड्याळ सुरू. व्हायल्स भरून, झाकणं घट्ट करून, डबा उणे ८० मध्ये जाईपर्यंत दहा मिनिटं. भरताना नळी मधूनमधून हलवा, पेशी तळाशी बसतात आणि शेवटच्या व्हायल्समध्ये गर्दी होते.

ग्लिसरॉल वापरत असाल तर मात्र घाई नको. ते पेशीत सावकाश शिरतं, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यावं लागतं. डीएमएसओचा नियम ग्लिसरॉलला आणि ग्लिसरॉलचा डीएमएसओला लावल्यामुळे दोन्हीकडे नुकसान झालेलं पाहिलंय.

सावध: "थोडं जास्त घातलं तर जास्त वाचतील" हा हिशोब इथे चालत नाही. पंधरा-वीस टक्क्यांवर बर्फापेक्षा रसायनच जास्त पेशी मारतं.

## ८. मिनिटाला एक अंश

आयसोप्रोपेनॉलचा डबा उणे ८० मध्ये ठेवला की व्हायल मिनिटाला साधारण एक अंशाने थंड होते. बहुतेक सस्तन पेशींना हाच वेग मानवतो. डबा नसेल तर जाड थर्माकोलच्या पेटीत व्हायल्स उभ्या करून, झाकण चिकटपट्टीने बंद करून काम भागतं. वेग तितका नेमका मिळत नाही, पण फ्रीझरमध्ये उघड्या ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं.

आधी चार अंश, मग उणे वीस, मग उणे ऐंशी, अशी पायऱ्यापायऱ्यांची जुनी पद्धत अजून काही वह्यांत सापडते. सोडून द्या. चार अंशांवर अर्धा तास म्हणजे डीएमएसओत अर्धा तास, आणि उणे वीसवर बर्फाचे खडे निवांत मोठे होतात.

रात्रभर फ्रीझरचं दार उघडू नका. पावसात लाईट जाते, तेव्हा जनरेटर त्या प्लगला जोडलेला आहे का हे दुपारीच बघून घ्या.

## ९. दुसऱ्याच दिवशी नायट्रोजनमध्ये

उणे ८० हा थांबा आहे, मुक्काम नाही. सुमारे उणे १३५ च्या खाली पाणी काचेसारखं घट्ट होऊन बर्फाच्या हालचाली थांबतात, त्याच्या वर खडे हळूहळू वाढतच राहतात. म्हणून २४ तासांत व्हायल्स द्रव नायट्रोजनच्या टाकीत हलवा, शक्यतो द्रवाच्या वरच्या वाफेत. नेताना थर्मासमध्ये ड्राय आइस हवा. फ्रीझरपासून टाकीपर्यंत व्हायल हातात धरून नेली तर मिनिटभरात ती बरीच तापते.

द्रवात बुडवलेल्या व्हायलमध्ये फटीतून नायट्रोजन शिरतो आणि कोमट पाण्यात टाकताच व्हायल फुटते. चेहऱ्यावर ढाल, हातात सैल क्रायो-मोजे, पायात बंद बूट. नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो आणि एक लिटरचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. बंद खोलीत वास नाही, रंग नाही, आणि माणूस खाली कोसळतो. खिडकी उघडी ठेवा, एकट्याने भरू नका.

पातळी बघायला लाकडी पट्टी बुडवा, दहा-पंधरा सेकंद थांबा, बाहेर काढून हवेत हलवा. पांढरं दंव जिथवर चढतं तिथवर द्रव. ही नोंद दर सोमवारी, सुट्टी असली तरी.

कोल्हापूरहून व्हायल्स आणायच्या असतील तर ड्राय आइस नेहमीच्या वेळेच्या दुप्पट हिशोबाने घ्या. सीमेवर काही घडलं की कागल-निपाणीच्या मधे गाड्या तासन्‌तास थांबतात, आणि तुमच्या पेटीतलं ड्राय आइस कोणाच्याही आंदोलनासाठी थांबत नाही. स्वतःच्या गाडीने आणा, काच उतरवून. पेटीचं झाकण हवाबंद करू नका, वायू निघायला वाट लागते.

## १०. वितळवणं: लवकर वितळवा, हळू पातळ करा

गोठवताना सावकाश, वितळवताना झटपट. पुढे पातळ करताना मात्र परत सावकाश. मुलं नेमकं इथेच फसतात.

मीडिया ३७ अंशांवर आधी गरम करून ठेवा. व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात, झाकण पाण्याबाहेर ठेवून, हलकी फिरवा. एक ते दोन मिनिटं. ज्वारीच्या दाण्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढा, ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि हूडमध्ये न्या. पूर्ण वितळून कोमट होईपर्यंत थांबलात तर पेशी गरम डीएमएसओत बसल्या.

पेशी पंधरा मिलिलिटरच्या नळीत घ्या. त्यांवर पहिला एक मिलिलिटर मीडिया मिनिटभर घेऊन थेंबाथेंबाने सोडा, मग हळूहळू नऊ मिलिलिटरपर्यंत. कारण आता पेशीच्या आत डीएमएसओ ठासून भरलाय. बाहेर एकदम साधा मीडिया आला तर पाणी आत धावतं आणि पेशी फुगून फुटते. गोठवताना वाचलेल्या पेशी या एका मिनिटात गमावलेल्या मी भरपूर पाहिल्या आहेत.

२०० जी, पाच मिनिटं, वरचं काढा, ताजा मीडिया. नाजूक पेशी असतील तर फिरवूच नका. तशाच जास्त मीडियात पसरा आणि दुसऱ्या दिवशी मीडिया बदला.

तपासा: लगेच ट्रिपॅन ब्लूने मोजलं तर आकडा छान येतो, ८५-९० टक्के. त्यावर खूश होऊ नका. जखमी पेशी मरायला सहा ते चोवीस तास घेतात. २४ तासांनी किती चिकटल्या ते मोजा आणि रजिस्टरात तोच आकडा लिहा. प्रत्येक खेपेतली एक व्हायल आठवड्याभरात काढून अशी तपासायचीच, बाकीच्या नऊ विसरून जाण्याआधी.

## ११. पेशी नव्हे, तुकडा असेल तर

उसाचा किंवा केळीचा शेंडा गोठवायचा म्हटलं की वरचा दहा टक्क्यांचा हिशोब उपयोगी पडत नाही. रसायन बाहेरून आत मुरायला वेळ लागतो. आतल्या थरापर्यंत पोचेपर्यंत बाहेरचा थर विषाने मरतो, आणि घाई केली तर आतला बर्फाने. त्यामुळे तुकडा लहान हवा, शेंडा एक-दोन मिलिमीटरचा, सूक्ष्मदर्शकाखाली कापलेला.

इथे बर्फच होऊ द्यायचा नसतो, सगळं काचेसारखं थिजवायचं असतं. त्यासाठी रसायन फार तीव्र लागतं. पीव्हीएस-२ नावाच्या द्रावणात ३० टक्के ग्लिसरॉल, १५ टक्के इथिलीन ग्लायकॉल, १५ टक्के डीएमएसओ आणि ०.४ मोलर सुक्रोज असतं. शेंडा थेट त्यात टाकला तर संपला. आधी २ मोलर ग्लिसरॉल आणि ०.४ मोलर सुक्रोजमध्ये वीस मिनिटं, मग बर्फावर ठेवलेल्या पीव्हीएस-२ मध्ये, मग सरळ द्रव नायट्रोजनमध्ये. पीव्हीएस-२ मध्ये किती वेळ, हे जातीजातीला वेगळं: कोणाला वीस मिनिटं पुरतात, कोणाला तास लागतो. दहा-दहा मिनिटांच्या फरकाने पाच गट करून आधी नायट्रोजनशिवायच बघा की नुसतं रसायन किती सोसतं. ही चाचणी टाळून थेट गोठवणाऱ्यांना शेंडा बर्फाने मेला की रसायनाने, हे कधीच कळत नाही.

काढताना ४० अंशांच्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट, लगेच १.२ मोलर सुक्रोजच्या द्रावणात वीस मिनिटं, म्हणजे रसायन बाहेर येताना पाणी आत धावत नाही. मग माध्यमावर, पहिला आठवडा अंधारात.

दहाव्या दिवशी शेंडा हिरवा दिसतो आणि मुलं फोटो काढून पाठवतात. हिरवा तुकडा महिनाभर हिरवा राहूनही पुढे काही करत नाही, असं बरेचदा होतं. नवं पान उलगडलं की मगच वहीत "वाढला" लिहा, आणि तोवर त्या रकान्यात फक्त "हिरवा".